मॅनेजर नुसता फिरतो, मग पगार कशाचा?

जळगावच्या एका तरुण दालमिलवाल्याने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: एमआयडीसीत घरची मिल, हमाल आणि निवडीच्या महिला धरून ४५ माणसं. वडील आणि काका मिळून सगळं बघतात. गेल्या वर्षी महिना ४० हजारांवर मॅनेजर ठेवला, तो आठ महिन्यांत सोडून गेला. वडील म्हणतात, ‘ऑपरेटर मशीन चालवतो, हमाल गोणी उचलतो, मुनीमजी हिशेब लिहितात. हा नुसता फिरत होता. फिरायचे चाळीस हजार द्यायचे का?’ आणि मुलाला जाणून घ्यायचं आहे की मॅनेजरचा नेमका उपयोग काय, आणि आमच्याएवढ्या धंद्याला तो लागतो का.

भाऊ, आधी वडिलांवर रागावू नका. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, तो माणूस फिरत होता. तो का फिरत होता आणि फिरताना त्याच्या हातात काय होतं, हे मात्र कोणी पाहिलेलं दिसत नाही. मी २८ वर्षं खानदेशातल्या कारखान्यांत काढली. आधी पाइपच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर, मग जिनिंग (कपाशीतून सरकी वेगळी काढायचा कारखाना), मग प्रॉडक्शन मॅनेजर, आणि आता लहान युनिटांतल्या सुपरवायझरांना शिकवतो. मॅनेजर कशासाठी असतो हे मला एका रात्री कळलं. ती रात्र आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

१९९८ चा एप्रिल. मी नवा सुपरवायझर, रात्रपाळी. पत्र्याची शेड दिवसभर तापलेली, पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येत होती. साडेअकराच्या सुमारास दोन नंबर लाइनवरचा ऑपरेटर पाइपचा हातभर तुकडा घेऊन आला. त्याने तो जमिनीवर ठेवून वर पाय दिला. चांगला पीव्हीसी पाइप पायाखाली दबतो, चपटा होतो. हा काचेसारखा तडकला. मिक्सरवरच्या नव्या पोराने कॅल्शियमची पावडर दोनदा टाकली असणार, असा त्याचा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. माणूस पारोळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. म्हणाला, ‘भाऊ, पाइप तडकी ऱ्हायना. बंद करू का? कोनले इचारू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाइन बंद करायची तर शेठना विचारायचं, असा तिथला रिवाज. त्याला कारणही होतं. पीव्हीसीची लाइन पंख्यासारखी बंद करता येत नाही. गरम बॅरलमध्ये माल थांबला की करपतो, मग सगळं साफ करून पुन्हा चालू करायला काही तास जातात. त्यामुळे ऊठसूट कोणी बटण दाबू नये म्हणून तो नियम पडला होता. शेठ झोपलेले. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मॅनेजर म्हणून जे गृहस्थ होते ते दिवसपाळीला यायचे, आणि लाइन थांबवायचा अधिकार त्यांनाही नव्हता. मिक्सरवरची माणसं ठेकेदाराची, ती माझं ऐकणार नव्हती. लाइन सकाळी सातपर्यंत चालली. ऑपरेटरने मशीन नीट चालवलं, हेल्परने पाइप मापात कापले, रचणाऱ्याने सरळ रचले, मी रजिस्टरमध्ये मीटर बिनचूक लिहिले. सकाळी सगळा माल ग्राइंडरला गेला. कॅल्शियम जास्त असल्यामुळे तो चुरासुद्धा पुढच्या मालात अगदी थोडा-थोडाच खपवता येत होता.

त्या रात्री आळशी कोणीच नव्हतं. वडील जी यादी सांगतात ती सगळी यादी तिथे हजर होती. मशीनवाला होता, हमाल होते, लिहिणारा होता. ज्याला विचारता आलं असतं आणि ज्याने जागेवर सांगितलं असतं, ‘कर बंद, सकाळी शेठशी मी बोलतो,’ तेवढा एक माणूस नव्हता.

तेव्हापासून कोणत्याही कारखान्यात गेलो की मी हेच बघतो. इथल्या माणसाला अडचण आली तर तो कोणाकडे जातो, आणि त्याला उत्तर किती वेळात मिळतं? ज्याच्याकडे जातात तो मॅनेजर, मग त्याच्या टेबलावर पाटी कोणतीही असो. आणि ज्याच्याकडे कोणी जात नाही तो मॅनेजर नव्हे, त्याची केबिन कितीही थंड असली तरी.

आता तुमच्या मिलमध्ये येऊ. मार्चमधली एक दुपार धरा. तेल-पाणी दिलेली तूर ओट्यावर वाळत पसरलेली आहे. तीनच्या सुमारास आभाळ भरून येतं. त्याच वेळी गेटवर कच्च्या मालाचे दोन ट्रक उभे, ड्रायव्हर घाई करतोय. माणसं तीच बारा. ओट्यावरची तूर गोळा करायची की ट्रक खाली करायचे? मुकादम म्हणणार ट्रक, कारण हमाली गोणीवर मिळते. ऑपरेटर म्हणणार तूर, कारण ती भिजली तर उद्या साल सुटणार नाही आणि रोलरवर दाणा फुटेल तो त्याच्या नावावर. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच हे भांडण त्यांच्यात मिटत नाही. तुमचे वडील तेव्हा बाजार समितीत लिलावात उभे असतात, मूठभर तूर हातात, दाणा दाताखाली धरून ओलावा बघत असतात. दालमिलचा नफा खरेदीतच ठरतो असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत, आणि ते काम त्यांच्यासारखं दुसरं कोणी करू शकत नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजतो. एका कानात बोली, दुसऱ्या कानात मुकादम. त्या दोन मिनिटांत एक तर सौदा हातचा जातो, नाही तर ओट्यावरची तूर भिजते.

म्हणून मॅनेजरची पहिली किंमत मालकाच्या वेळात मोजा. तो आला की वडिलांचे दिवसाकाठी किती फोन कमी झाले? तो होता त्या आठ महिन्यांत एकही फोन कमी झाला नसेल, तर चूक एकट्या मॅनेजरची नाही. त्याचं पुढे सांगतो.

दुसरी किंमत मालात. तुम्ही दिवसाला २० टन तूर भरडता असं समजू. उताऱ्यात, म्हणजे तुरीतून निघणाऱ्या डाळीच्या प्रमाणात, अर्धा टक्का फरक पडला तर दिवसाला १०० किलो, महिन्याचे २६ दिवस धरले तर २,६०० किलो. ही डाळ झाली नाही तर हवेत उडून जात नाही, चुनी (साल-भुशाचा चुरा) आणि कणीत (तुटलेल्या तुकड्यांत) जाते, म्हणून पूर्ण भाव धरू नका, डाळ आणि चुनी यांच्या भावातला फरक धरा. तो किलोला ५० रुपये मानला तरी महिन्याला १ लाख ३० हजार झाले. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून वडिलांसमोर हाच हिशेब मांडा. अर्धा टक्का कुठून येणार, असं ते विचारतील. तो चाळणीतून येतो. मोठा आणि बारीक दाणा वेगळा न करता एकाच वेळी रोलरवर सोडला की मोठा दाणा फुटतो आणि बारीक दाण्याचं साल तसंच राहतं, मग तो पुन्हा फिरवावा लागतो आणि प्रत्येक फेरीत थोडी डाळ भुशात जाते. तो वाळवणीतून येतो. एक दिवस ऊन कमी पडलं तरी घाईने उचललेला माल तीनदा घासावा लागतो. आणि तो रोलरच्या दगडातून येतो, जो झिजला हे ऑपरेटरला महिनाभर आधी कळलेलं असतं, पण बदलायचा निर्णय त्याचा नसतो. या तिन्ही गोष्टी तुमच्या मिलमध्ये कोणाला तरी माहीत आहेत. त्या एकत्र कोणाच्याच डोक्यात नाहीत. तीन माणसांच्या डोक्यातलं एका जागी आणून त्यावर काही तरी ठरवणं, हे काम बाहेरून बघणाऱ्याला फिरण्यासारखंच दिसतं.

तिसरी किंमत थांबून राहण्यात आहे. ४५ माणसांची प्रत्येकी २० मिनिटं वाट बघण्यात गेली, कधी बारदान नाही, कधी काट्यावर रांग, कधी ‘शेठ येऊ दे’, तर दिवसाचे १५ तास गेले. म्हणजे जवळजवळ दोन माणसांची हजेरी रोज बसून दिली. यासाठी कोणालाही रागवायची गरज नाही. बारदान आदल्या संध्याकाळी मोजून ठेवलं तरी निम्मी वाट बघणं संपतं.

हे फक्त माझ्या अनुभवावर सोडत नाही. २००८ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठातले निकोलस ब्लूम, जागतिक बँकेतले डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत एक प्रयोग केला. कारखाने घरच्या मालकीचे, तुमच्यासारखेच. काहींना काही महिने सल्लागार फुकट दिले, काहींची नुसती पाहणी केली आणि पुढे दोन्ही गटांची तुलना केली. सल्लागारांनी लावून दिलं काय, तर ३८ साध्या पद्धती. माग बंद पडला तर कारण लिहा आणि रोज ते एकत्र बसून वाचा. कापडातला दोष कुठून येतो ते शोधा. सूत किती आणि कुठे पडलंय याची नोंद ठेवा. हत्यारं जागेवर ठेवा. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, आणि तीन वर्षांच्या आत त्या मालकांनी आणखी कारखाने उघडले. २०१३ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी ते आमच्या सुपरवायझरांना मराठीत समजावून सांगितलं होतं.

त्यातली एक नोंद मला फार जवळची वाटते. कारखाना केवढा मोठा आहे याचा मेळ तिथल्या व्यवस्थापनाच्या दर्जाशी जेवढा बसत होता, त्याहून किती तरी जास्त तो मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत याच्याशी बसत होता. म्हणजे दोन भाऊ असले तर दोन शेड, तीन मुलगे असले तर तीन. बाहेरच्या माणसावर भरवसा टाकायची तयारी नसल्यामुळे धंदा घराएवढाच राहत होता. आपल्या जळगाव-धुळ्यात हे चित्र मी रोज बघतो. एकाच घरातले दोन भाऊ आहेत म्हणून दोन युनिटं नीट चालतात. तिसरं काढायची ऐपत असते, बाजार असतो, पण ‘बघणार कोण?’ इथे गाडी अडते. तुमच्याकडे वडील आणि काका आहेत, आता तुम्ही आलात, म्हणजे फार तर आणखी एक शेड. त्यापुढे जायचं तर आडनाव वेगळं असलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या द्याव्याच लागतील. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीची आज विप्रो झाली आहे. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते आणि शिक्षण सोडून आले होते. एकट्या घराच्या माणसांवर ती कंपनी एवढी वाढली नाही. प्रत्येकाने तेवढं मोठं व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण सुरुवात आपल्याच बोरी नदीच्या काठावरची आहे, हे वडिलांना जरूर सांगा.

त्याच संशोधकांनी २०१७ मध्ये ते कारखाने पुन्हा पाहिले. लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. तरीही ज्यांना सल्ला मिळाला होता ते इतरांच्या बरेच पुढे होते. पद्धती का सुटल्या, याच्या मुख्य कारणांत दोन होती: मॅनेजर बदलले, आणि मालकाला वेळ राहिला नाही. याचा अर्थ तुमचा मॅनेजर आठ महिन्यांत गेला तेव्हा फक्त त्याचा पगार वाचला नाही, त्याने जे लावलं होतं तेही त्याच्याबरोबर गेलं.

आता तो का गेला याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्याला ओळखत नाही, पण अशी कितीतरी माणसं मला भेटली आहेत आणि गोष्ट बहुतेक वेळा उचल मागण्यापासून सुरू होते. हमाल मॅनेजरकडे दोन हजारांची उचल मागतो. मॅनेजर म्हणतो, ‘मागची फिटली नाही, पगाराला बघू.’ हमाल संध्याकाळी गेटवर शेठची गाडी थांबवतो. शेठ मोठ्या मनाचे, खिशातून काढून देतात. शेठच्या मनात दयाच असते, मॅनेजरचा अपमान करायचा विचारही नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधल्या प्रत्येकाला कळलेलं असतं की या माणसाच्या ‘नाही’ला किंमत नाही. आणि ज्याच्या ‘नाही’ला किंमत नाही त्याच्या ‘हो’लाही राहत नाही. पुढच्या वेळी तो म्हणाला, ‘आज आधी तूर गोळा करा,’ तर मुकादम म्हणतो, ‘शेठना फोन लावतो.’ मग त्याने करायचं काय? तो फिरतो. तुमच्या वडिलांनी त्याला फिरताना पाहिलं ते हेच असावं असा माझा कयास आहे.

जिनिंगमध्ये असताना मी स्वतः हे भोगलं. हंगाम ऐन भरात, आवारात कपाशीच्या गंज्या. मी नियम केला होता की गंजीपाशी बिडी ओढताना दिसला तर त्या दिवशी कामावर नाही. खानदेशातल्या जिनिंगवाल्याला आगीची भीती वेगळी सांगावी लागत नाही. दाण्याएवढा खडा रोलरमध्ये गेला तरी ठिणगी पडते, मग पेटत्या बिडीचं काय सांगावं. तिसऱ्याच दिवशी मी एकाला घरी पाठवलं. तो मालकांच्या गावचा होता. दुपारी तो परत कामावर, मालकांनीच पाठवलेला. मी काही बोललो नाही, आणि ती माझी चूक झाली. मी त्याच दिवशी त्यांच्यासमोर बसून विचारायला हवं होतं, ‘हा नियम आपल्या दोघांचा आहे की माझ्या एकट्याचा?’ त्या हंगामात एक गंजी पेटली. सुदैवाने माणसाला इजा झाली नाही. आग बिडीमुळेच लागली असं मी म्हणू शकत नाही, कारण ते सिद्ध झालं नाही. पण नियम पाळला जात नव्हता हे मला माहीत होतं, आणि तरी नियमाखाली माझीच सही होती.

म्हणून पुढचा माणूस ठेवायच्या आधी वडील, काका आणि तुम्ही बसून एक कागद लिहा. कोणते निर्णय त्याचे, कोणते विचारून, कोणते तुमचेच. मशीन थांबवणं त्याचं. माणसं इकडची तिकडे लावणं त्याचं. रजा त्याची. उचल किती रुपयांपर्यंत त्याची, तो आकडा लिहा. दुरुस्तीचा खर्च कितीपर्यंत न विचारता, तोही लिहा. खरेदी आणि विक्रीचा भाव तुमचा, त्यात त्याने पडू नये. हा कागद मुकादमाला आणि ऑपरेटरलाही वाचून दाखवा. आणि वडिलांना एवढी एकच विनंती करा: त्याचा निर्णय चुकला असं वाटलं तर ऑफिसात दार लावून सांगायचं, शेडमध्ये नाही. गेटवर कोणी हात पसरला तर ‘त्यांना विचार’ म्हणायचं. वडिलांना हे जड जाईल, मी आधीच सांगतो. ज्या माणसाने तीस वर्षं स्वतः उभं राहून प्रत्येक गोणी मोजली त्याला ‘मला नको, त्यांना विचार’ म्हणणं म्हणजे स्वतःचाच हात बाजूला करण्यासारखं वाटतं. त्यांना घाई करू नका.

आता वडिलांची बाजूही मांडायला हवी, कारण निरुपयोगी मॅनेजर मी पाहिले आहेत आणि त्यांना पगार देणं खरोखर नुकसानीचं आहे. काही जण नुसता पहारा करतात. कोण बसलं, कोण बोललं, कोण लघवीला दोनदा गेलं. त्यांच्या समोर काम वेगात होतं आणि पाठ फिरली की थांबतं, म्हणजे त्यांनी काहीच लावलेलं नसतं. काही जण रजिस्टरं वाढवतात, अकरा रजिस्टरं, एकही कोणी वाचत नाही. काही जण खालची वाईट बातमी वर जाऊ देत नाहीत, मालकाला सगळं छान सांगतात, आणि दोन महिन्यांनी ग्राहकाचा परत आलेला माल बघूनच मालकाला कळतं. हे ओळखायला मी एक कसोटी लावतो. तो एक दिवस रजेवर असताना मिल कशी चालते? त्याच्याविना सगळं कोसळत असेल तर त्याने सगळं स्वतःच्या डोक्यात ठेवलंय. काहीच फरक पडत नसेल तर वडील बरोबर आहेत. दिवस नीट जातो, पण संध्याकाळी ऑपरेटर म्हणतो, ‘ते उद्या आले की त्यांना एक विचारायचंय,’ तेव्हा समजा की माणूस कामाचा आहे.

आणि माणसांचं बघणं. हे मी शेवटी लिहितोय, पण माझ्या लेखी ते सगळ्यात वर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. ओट्यावर दुपारी दोनला उलथणं धरून तूर फिरवणाऱ्या माणसाचा तळवा भाजतो. एका युनिटमध्ये आम्ही एप्रिलपासून ओट्याचं काम सकाळी सहाला सुरू केलं, साडेअकराला थांबवलं आणि उरलेलं चार वाजल्यानंतर घेतलं. तास तेवढेच, हजेरी तेवढीच. चक्कर येऊन पडणं थांबलं आणि काम घटलं नाही. हा निर्णय अगदी साधा आहे. पण तो घ्यायला गेटवाला, ऑपरेटर, हमाल, निवडीच्या महिला आणि ट्रकवाले अशा पाच जणांच्या वेळा जुळवाव्या लागतात, आणि प्रत्येक जण स्वतःची वेळ सोडून बाकीच्यांची बदलायला तयार असतो.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, उदाहरण याहून बोलकं आहे. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणार म्हणजे जाणारच. निवडीवर वीस महिला असतील तर त्या आठवड्यात सहा येतात. हे दर वर्षी होतं, तारीख पंचांगात छापलेली असते, आणि दर वर्षी मालक गेटवर उभे राहून म्हणतात, ‘आज बाया का नाहीत?’ मी तीन आठवडे आधी त्यांच्यात जाऊन बसायचो. कोण कधी जाणार, कोणाचं माहेर गावातच आहे, कोण सणानंतर दोन दिवस जास्त येऊ शकते. त्याप्रमाणे निवडीचा माल आधी उरकायचा, त्या आठवड्यात घासणीचं काम ठेवायचं. विचारलं म्हणून त्या सांगत, आणि सांगितलं म्हणून ठरल्या दिवशी परत येत. न विचारता हजेरी कापली की आखाजीनंतर निम्म्या दुसऱ्या मिलमध्ये दिसतात. निवडीला हात बसलेली बाई गेली की नवीला तेवढं सफाईने खडा-माती काढता यायला वेळ लागतो. तेवढे दिवस तुमच्या डाळीत खडा जातो आणि तो शेवटी व्यापाऱ्याच्या दाताखाली येतो.

‘आमच्याएवढ्या धंद्याला लागतो का’ याचं उत्तर आकड्यात मागू नका. पंधरा माणसं एका शेडमध्ये, एक पाळी, मालक दिवसभर हजर, तर मालकच मॅनेजर असतो आणि ते पुरेसं आहे. दोन पाळ्या झाल्या, मालक बाजारात जाऊ लागला, किंवा माणसं मालकाला नावाने ओळखू येईनाशी झाली, की काम वेगळं करावं लागतं. कायद्यालाही हे कळत होतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कारखान्याच्या व्यवस्थापकाचं नाव कळवायची अट होती, आणि कोणीच नेमलेला किंवा ते काम करताना आढळलेला नसेल तर भोगवटादारालाच, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच, व्यवस्थापक मानायची तरतूद होती. म्हणजे अपघात झाला तर ‘कोणाला विचारायचं’ याचं उत्तर असलंच पाहिजे, मालक त्या दिवशी लिलावात असला तरी. ४५ माणसं आणि वडील रोज बाजार समितीत, म्हणजे तुम्हाला लागतो.

माणूस बाहेरूनच आणायला हवा असं नाही. तुमच्या मिलमध्ये आत्ताही कोणी तरी असेल ज्याच्याकडे बाकीचे आपोआप जातात. बारदान कुठे ठेवलंय, रोलर का आवाज करतोय, कोणाची पोर आजारी आहे, हे त्याला माहीत असतं. त्याला लिहिता-वाचता येत असेल आणि तो मुकादमाला घाबरत नसेल तर पगार वाढवून त्यालाच उभा करा. एकच धोका आहे. चांगला ऑपरेटर मॅनेजर झाला की मशीन बिघडल्यावर तो स्वतःच पाना घेऊन आत शिरतो, कारण तिथे त्याचे हात चालतात. सहा महिने त्याला पाना हातात घेऊ देऊ नका, दुसऱ्याला शिकवू द्या. आणि त्याला सुरुवातीला फार काही देऊ नका. सकाळी दहा मिनिटं उभ्याने सगळ्यांशी बोलणं, एक फळा, त्यावर कालचा उतारा, मशीन किती वेळ आणि कशामुळे थांबलं, कोणाला लागलं-खुपलं का, आणि आज काय आधी करायचं. तेवढंच. संध्याकाळी तो फळा वडिलांनी वाचायचा. रागावायला वाचायचा नाही, नुसता वाचायचा. मालक रोज वाचतो म्हटल्यावर लिहिणारा खोटं लिहीत नाही, असा माझा अनुभव आहे.

जुन्या मॅनेजरला परत बोलवायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी बोलवलं असतं. आठ महिन्यांत त्याने तुमची मिल पाहिली आहे, मुकादम त्याला ओळखतो, आणि तो का गेला हे त्याच्या तोंडून ऐकणं तुम्हाला उपयोगाचं आहे, तो परत आला नाही तरी. वडिलांना बरोबर घेऊन त्याच्या घरी जा. फोनवर हे होणार नाही.

आणि जो कोणी घ्याल तो डिसेंबर उजाडायच्या आत घ्या. नवी तूर जानेवारीपासून येऊ लागते, एकदा ट्रकांची रांग लागली की कोणाला काही शिकवायला किंवा ऐकायला वेळ राहत नाही. त्याआधी रोलर उघडलेले असतात, पट्टे उतरवलेले असतात, ओट्याला पडलेल्या भेगा बुजवायच्या असतात. त्या पंधरा दिवसांत त्याला ऑपरेटरबरोबर मशीनखाली बसू द्या, आणि उचलीचा तो आकडा कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.